गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार सर्वाधिक पात्र क्षेत्ररक्षकालाच मिळतो का?

पूर्वकिनारा (धागालेखक)

वर्ल्ड सिरीज आटोपली की पाठोपाठ मेजर लीग बेसबॉलचे गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार जाहीर होतात आणि ‘याला कसा काय मिळाला?’ हा वादही न चुकता पेटतो. गेली कित्येक वर्षे न्यू जर्सीत राहून हा खेळ पाहत असल्यामुळे फलंदाजी आणि पिचिंग यांचे हिशेब आता बऱ्यापैकी कळतात. मात्र क्षेत्ररक्षणातील श्रेष्ठत्व कोण ठरवते आणि कशाच्या आधारे, याविषयीचा माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतच चालला आहे. येथे बेसबॉल बारकाईने पाहणारे काही सभासद आहेत हे ठाऊक असल्याने प्रश्न त्यांच्यापुढे ठेवतो.

ज्यांना पार्श्वभूमी नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हातमोजे बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीने १९५७ मध्ये हा पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षी दोन्ही लीग मिळून नऊ खेळाडू निवडले गेले. १९५८ पासून अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांचे विजेते वेगळे झाले. १९६५ पासून मतदानाचा अधिकार मॅनेजर आणि कोच मंडळींकडे आहे. त्यांनी आपल्याच लीगमधील खेळाडूंना मत द्यायचे, पण स्वतःच्या संघातील कोणालाही द्यायचे नाही. ज्यांची हयात मैदानात गेली त्यांनीच पारख करावी, याहून रास्त व्यवस्था कोणती, असे वरवर पाहता कोणालाही वाटेल.

आता १९९९ चा निकाल पाहा. टेक्सास रेंजर्सचा रफाएल पाल्मेरो त्या हंगामात पहिल्या बेसवर केवळ २८ सामने उभा राहिला. उरलेल्या जवळजवळ सगळ्या सामन्यांत तो डेझिग्नेटेड हिटर होता, म्हणजे आपली पाळी आली की फलंदाजी करायची आणि संघ क्षेत्ररक्षणाला उतरला की डगआउटमध्ये बसून राहायचे. तरीही अमेरिकन लीगमधील पहिल्या बेसचा गोल्ड ग्लोव्ह त्यालाच मिळाला. १९९७ आणि १९९८ मध्ये बाल्टिमोरकडून खेळताना तो त्याने जिंकलेला होता आणि १९९९ मध्ये त्याने ४७ होम रन मारले होते. मतदारांच्या मनात नाव पक्के बसलेले असल्यामुळे, हा गृहस्थ यंदा हातमोजा चढवतो तरी का, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नसावी.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या परिसरात मोठ्याने उच्चारणे जोखमीचे आहे. न्यूयॉर्क यांकीजच्या डेरेक जीटरला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक) म्हणून पाच गोल्ड ग्लोव्ह मिळाले: २००४, २००५, २००६, २००९ आणि २०१०. माझ्या कार्यालयातील यांकीजभक्तांच्या मते ते कमीच आहेत. आकडेवारीचे अभ्यासक मात्र क्षेत्ररक्षणापुरती त्याची गणना त्या काळातील कमकुवत शॉर्टस्टॉपमध्ये करतात. एकाच माणसाविषयी, तेच सामने पाहून, जाणकारांची मते इतकी दोन टोकांना कशी जातात? आणि २०१३ पासून निवडीत आकडेवारीला सुमारे २५ टक्के वजन दिले जात असल्याने परिस्थिती खरोखर सुधारली आहे, की केवळ टीकाकारांची तोंडे बंद करण्यापुरती ती तरतूद आहे?

आकडेमोड

जीटरचे नाव आपण काढलेच आहे, तर तेथूनच सुरुवात करतो, कारण या साऱ्या वादाचे मूळ त्या एका उदाहरणात सापडते.

२०१० मध्ये जीटरच्या नावावर संपूर्ण हंगामात फक्त ६ चुका लागल्या आणि त्याचे फिल्डिंग पर्सेंटेज .९८९ होते. कारकिर्दीतील त्याची ती सर्वोत्तम कामगिरी. मतपत्रिका हातात घेतलेल्या एखाद्या कोचाने हा आकडा पाहून त्याला मत दिले असेल तर त्याला दोष देणे अवघड आहे. दोष त्या आकड्यातच आहे. फिल्डिंग पर्सेंटेज म्हणजे खेळाडूने हाताळलेल्या चेंडूंपैकी किती चेंडू त्याने बिनचूक हाताळले याचे प्रमाण. आणि चूक कधी धरायची, तर सर्वसाधारण प्रयत्नाने साधता आला असता असा बाद खेळाडूने दवडला असे अधिकृत स्कोअररला वाटले तरच. म्हणजे जो चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्या खात्यावर काहीही लागत नाही. दुसऱ्या बेसच्या बाजूने मध्यातून जाणारा एकच फटका घ्या. चार पावले अधिक वेगाने टाकणारा शॉर्टस्टॉप तेथे सूर मारतो, चेंडू हातमोज्याच्या टोकाला लागून निसटतो आणि प्रसंगी त्याच्यावर चूक लागते. कमी आवाक्याचा शॉर्टस्टॉप दोन पावले टाकून थांबतो, चेंडू गवतात जातो, फलकावर ‘हिट’ लागतो आणि त्याची पाटी कोरी राहते. हंगामाच्या शेवटी कागदावर दुसरा खेळाडू अधिक ‘भरवशाचा’ दिसतो.

जीटरच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचे होते, कारण त्याचे जे दिसायचे ते फारच देखणे होते. उजवीकडे खोलवर जाऊन बॅकहँडने चेंडू अडवायचा आणि शरीर अजून तिसऱ्या बेसकडे ओढले जात असतानाच हवेत उडी घेऊन पहिल्या बेसकडे फेक करायची, ही त्याची खास लकब होती. १ जुलै २००४ रोजी बॉस्टनविरुद्ध बाराव्या इनिंगमध्ये ट्रॉट निक्सनचा उंच उडालेला चेंडू पकडून तो धावण्याच्या भरात थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये कोसळला आणि रक्ताळलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. त्याच वर्षअखेरीस त्याला पहिला गोल्ड ग्लोव्ह मिळाला. तो झेल उत्तमच होता, याबद्दल वाद नाही. परंतु शॉर्टस्टॉपच्या वाट्याला हंगामात शेकडो चेंडू येतात आणि त्यांपैकी बहुतेक चेंडूंचे चित्रण रात्रीच्या बातम्यांत दाखवले जात नाही. गंमत अशी की २००२ आणि २००३ चा अमेरिकन लीगचा शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लोव्ह ज्याने जिंकला होता तो ॲलेक्स रॉड्रिग्ज २००४ मध्ये यांकीजमध्येच दाखल झाला आणि जीटरला जागेवरून हलवायचे नाही म्हणून त्याला तिसऱ्या बेसवर पाठवण्यात आले.

नॅशनल लीगमधील २००६ चा निकाल याहून बोलका आहे. ह्यूस्टनचा ॲडम एव्हरेट हा फलंदाजीत यथातथाच असलेला शॉर्टस्टॉप त्या वर्षी क्षेत्ररक्षणाच्या जवळपास प्रत्येक मोजमापात इतरांच्या खूप पुढे होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘फिल्डिंग बायबल’ पुरस्काराच्या परीक्षकांनी दोन्ही लीग मिळून त्यालाच निवडले. गोल्ड ग्लोव्ह मात्र ओमार विझकेलला गेला, आणि तो त्याचा अकरावा होता. विझकेल महान होता, पण त्या वेळी तो चाळिशीला टेकला होता. एव्हरेटला गोल्ड ग्लोव्ह कधीच मिळाला नाही.

आता मोजमाप कसे होते, याविषयी. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा आहे आणि २०२० पासून तिच्यासाठी हॉक-आय कॅमेरे वापरले जातात. क्रिकेटमधील पायचीतच्या निर्णयांमुळे ते नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मोठ्या गवताळ भागात, उडालेल्या प्रत्येक चेंडूसाठी खेळाडूला किती अंतर कापायचे होते, किती वेळ उपलब्ध होता आणि कोणत्या दिशेला धावायचे होते, यावरून तो झेल घेतला जाण्याची शक्यता काढली जाते. शक्यता २५ टक्के असलेला झेल घेतला तर खात्यात ०.७५ जमा होतात, सोडला तर फक्त ०.२५ वजा होतात. ९५ टक्के शक्यतेचा झेल सोडला तर मात्र ०.९५ चा भुर्दंड. वर्षभराची अशी बेरीज म्हणजे ओएए (आउट्स अबव्ह ॲव्हरेज, सरासरीपेक्षा किती जास्त बाद केले याचे माप). चूक धरायची की नाही हे ठरवणारा स्कोअरर यात कोठेच येत नाही, आणि जो चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही त्याचीही नोंद होते.

जुने_स्कोअरकार्ड

वरील विवेचनाला थोडी ऐतिहासिक पुरवणी जोडतो. काही अन्याय मतदारांचे नव्हते, तर नियमांचेच होते.

१९६१ पासून २०१० पर्यंत आउटफिल्डचे तीन पुरस्कार जागा न पाहता दिले जात. डावीकडचा, मधला आणि उजवीकडचा असा भेदच नव्हता; कोणतेही तीन आउटफिल्डर निवडायचे. सेंटर फिल्डमध्ये उभा राहणारा साहजिकच सर्वांत चपळ असतो, त्यामुळे अनेक वर्षी दोन किंवा तिन्ही पुरस्कार सेंटर फिल्डरच पटकावत आणि लेफ्ट फिल्डमध्ये आपले काम चोख करणाऱ्यांच्या पदरी फारसे काही पडत नसे. विली मेज आणि रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावावर प्रत्येकी १२ पुरस्कार आहेत आणि त्याबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण त्यांच्या मागे राहिलेल्या लेफ्ट फिल्डरांची यादी कोणी केलेली नाही. २०११ मध्ये जागानिहाय पुरस्कार सुरू झाले. माझ्या मते २०१३ च्या आकडेवारीच्या तरतुदीपेक्षाही हा बदल अधिक न्याय्य होता, जरी त्याची चर्चा कमी होते.

पिचरच्या पुरस्काराबद्दल तर बोलूच नये. जिम काटने १९६२ ते १९७७ सलग १६ वर्षे तो जिंकला, ग्रेग मॅडक्सने कारकिर्दीत १८ वेळा जिंकला. मॅडक्स माउंडवरचा खरोखरच उत्तम क्षेत्ररक्षक होता, परंतु पिचरच्या वाट्याला हंगामात येणारे चेंडू इतके थोडे असतात की कोणताही विरोधी कोच त्याचे क्षेत्ररक्षण ‘पाहून’ मत देतो यावर माझा विश्वास नाही. गेल्या वर्षी कोणाला दिले होते हे आठवायचे आणि तेच नाव पुन्हा लिहायचे, असाच तो कारभार असावा.

आणि २०१२ चा सेंटर फिल्डचा निकाल येथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. लॉस एंजलिस एंजल्सचा माइक ट्राउट त्या वर्षी नवखा होता. कुंपणावरून पलीकडे जाणारे चार होम रन त्याने हवेतच पकडले. त्यांतला सर्वांत गाजलेला झेल २७ जूनला बाल्टिमोरच्या कॅमडेन यार्ड्समध्ये जे. जे. हार्डीच्या फटक्यावरचा होता: भिंतीशी पोहोचून, पाय भिंतीच्या पॅडवर रोवून, कंबरेपर्यंतचे शरीर भिंतीच्या वर काढून त्याने तो चेंडू परत आणला. मोजमापांतही तो अमेरिकन लीगमध्ये अग्रभागी होता. पुरस्कार मिळाला बाल्टिमोरच्याच ॲडम जोन्सला, ज्याचे क्षेत्ररक्षण त्या वर्षी बहुतेक मोजमापांत सरासरीच्या खाली होते. जोन्स सर्व १६२ सामने खेळला, तो खेळाडू म्हणून सर्वांना आवडायचा आणि बाल्टिमोर पंधरा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोहोचले होते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एकही सेंटर फिल्डमधल्या आवाक्याशी संबंधित नाही. ज्यांनी तो झेल आपल्या डगआउटमधून समोर पाहिला त्या बाल्टिमोरच्या कोचांना जोन्सला मत देण्याची मुभाच नव्हती. म्हणजे त्याला निवडले ते इतर शहरांतल्यांनी. ट्राउटला आजतागायत गोल्ड ग्लोव्ह मिळालेला नाही.

धुळाक्षर

सर्व प्रतिसाद वाचले आणि मतदार कोच म्हणजे जणू झापडे लावून बसलेली मंडळी आहेत, असा जो सूर लागला आहे तो मला पटत नाही. त्यांची बाजूही मांडली पाहिजे.

एरिक हॉस्मरचे उदाहरण घेतो, कारण त्याच्यावरून आकडेवारीवाले कायम हसतात. २०१३, २०१४, २०१५ आणि २०१७ असे चार गोल्ड ग्लोव्ह त्याला मिळाले आणि आवाक्याच्या मोजमापांत तो सामान्य ठरत होता, हे मान्य. परंतु पहिल्या बेसवरच्या खेळाडूचे मुख्य काम काय आहे? तिसऱ्या बेसवरून किंवा शॉर्टस्टॉपकडून घाईत आलेली, जमिनीला टप्पा लागलेली फेक एक पाय बेसवर ठेवून खालून उचलून घेणे. ती निसटली तर चूक लागते फेकणाऱ्यावर. ती उचलली तर सामान्य बाद म्हणून नोंद होते आणि कोणाच्याही नावावर विशेष काही जमा होत नाही. यूझेडआर (खेळाडूचा आवाका मोजणारा आणखी एक निर्देशांक) आणि ओएए या दोन्ही मोजमापांत या कौशल्याला स्थान नाही. हॉस्मर ज्या इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या आतल्या भागात) खेळला तेथील बाकीचे तिघे अवघड चेंडूंवर बिनधास्त फेक करत, कारण पलीकडे तो आहे हे त्यांना माहीत होते. हे समोरच्या डगआउटमधील माणसाला दिसते.

दुसरी गोष्ट अशी की कोच मंडळींचे खरे मत मतपत्रिकेवर पडतच नाही, ते सामन्यात पडते. तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला कोच दुसऱ्या बेसवरून येणाऱ्या धावपटूला होम प्लेटकडे धाव पूर्ण करायला पाठवायचे की हात वर करून थांबवायचे, हे क्षणात ठरवतो. चेंडू कोणत्या आउटफिल्डरच्या हातात आहे, यावर तो निर्णय अवलंबून असतो. ज्याच्या फेकीची दहशत आहे त्याच्यावर कोणी धावतच नाही. त्यामुळे त्याच्या नावावर बाद करणाऱ्या फेकी कमी लागतात आणि आकड्यांत तो साधा दिसतो. अशा खेळाडूला जो कोच वर्षभर घाबरून असतो, तोच वर्षाच्या शेवटी त्याला मत देतो. यात नावाची भुरळ कोठे आली?

एका हंगामाच्या आकड्यांवर किती विसंबायचे, हाही प्रश्नच आहे. क्षेत्ररक्षणाच्या मोजमापांना स्थिर व्हायला साधारण तीन हंगामांची आधारसामग्री लागते, असे आकडेवारीवालेच सांगतात. एकाच खेळाडूचे त्याच वर्षाचे डीआरएस (डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड, क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावांचे माप) एक सांगते आणि ओएए दुसरेच, असे अनेकदा घडते. जे मोजमाप आपसांत जुळत नाही त्याने कोचांच्या नजरेला खोटे पाडणे थोडे उतावीळपणाचे आहे.

गल्लीक्रिकेट

मी बेसबॉल फार पाहिलेला नाही, पण चर्चा वाचताना एकनाथ सोलकर आठवत राहिले. फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहून त्यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. मात्र आकडा नसता तरी त्यांचे मोठेपण पाहणाऱ्यांना कळलेच असते. उलट क्रिकेटच्या स्कोअरकार्डावर सुटलेला झेलसुद्धा लिहिला जात नाही, त्यामुळे बेसबॉलमध्ये निदान चुकांची नोंद होते हेच मला प्रगत वाटले.

एक शंका आहे. पाल्मेरोच्या उदाहरणात फलंदाजीचा उल्लेख आला. चांगल्या फलंदाजाला क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळणे सोपे जाते, असे कोठे तपासून पाहता येते का? की तो केवळ एक प्रवाद आहे?

आकडेमोड

गल्लीक्रिकेट यांच्या शंकेचे उत्तर योगायोगाने २०२० ने दिले आहे. करोनामुळे त्या वर्षी हंगाम ६० सामन्यांचा झाला आणि संघ आपापल्या भौगोलिक विभागातच खेळले. आपल्या लीगमधील बरेचसे खेळाडू कोचांनी डोळ्यांनी पाहिलेच नसल्याने मतदान रद्द झाले आणि ‘सेबर’ या बेसबॉल संशोधकांच्या संस्थेच्या निर्देशांकावरून, म्हणजे एसडीआयवरून, सर्व पुरस्कार ठरवले गेले. अमेरिकन लीगमध्ये पहिल्या बेसचा गोल्ड ग्लोव्ह सिएटलच्या एव्हन व्हाइटला मिळाला. तो त्याचा पहिलाच हंगाम होता आणि त्याची फलंदाजीची सरासरी होती .१७६. कोचांच्या मतपत्रिकेवर त्या नावाला किती मते पडली असती याचा अंदाज प्रत्येकाने स्वतःच करावा. त्याच वेळी त्याच निर्देशांकाने तिसऱ्या बेसवर नोलन अरेनाडोला आणि लेफ्ट फिल्डमध्ये ॲलेक्स गॉर्डनला प्रत्येकी आठवा पुरस्कार दिला. म्हणजे नाव मोठे असले म्हणून कोच चुकतातच असे नाही. पण नाव नसलेला आणि बॅट न चालणारा खेळाडू पुढे यायला मतदान रद्द व्हावे लागले, हे विसरता येत नाही.

धुळाक्षर यांच्या मुद्द्यांपैकी स्कूपचा, म्हणजे टप्पा लागलेली फेक खालून उचलण्याचा, मुद्दा मला मान्य आहे. ती उणीव खरी आहे. फेकीच्या दहशतीबाबत मात्र माहिती थोडी जुनी आहे. डीआरएसमध्ये आउटफिल्डरने किती धावपटूंना बाद केले एवढेच नव्हे, तर किती धावपटूंना पुढचा बेस घेण्यापासून रोखले, हेही धरले जाते. ज्याच्यावर कोणी धावत नाही त्याला त्याचे श्रेय मिळते. २०२० मध्ये डीआरएसची पद्धत बदलून इनफिल्डमध्ये कोठे उभे राहायचे हा भाग खेळाडूपासून वेगळा काढला गेला, तेही महत्त्वाचे आहे. त्याआधी संघाने योग्य जागी उभे केल्याचा फायदाही कधीकधी खेळाडूच्या खात्यावर पडत असे.

आणि ‘समोरच्या डगआउटमधील माणसाला दिसते’ हे वाक्य वेळापत्रकासमोर धरून पाहा. २०२३ पासूनच्या रचनेत एक संघ आपल्या विभागातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १३ सामने खेळतो, पण आपल्याच लीगमधील इतर दहा संघांशी प्रत्येकी सहा किंवा सात. सिएटलचा कोच टाम्पाच्या शॉर्टस्टॉपला १६२ पैकी सहा-सात सामन्यांत पाहतो, तेही आपला पिचर, आपले फलंदाज आणि आपली व्यूहरचना सांभाळत. त्या सामन्यांत अवघड चेंडू दोन आले तर पुष्कळ. त्यामुळे तो तेथील कोचाच्या तोंडून ऐकलेले, दूरचित्रवाणीवर पाहिलेले आणि गेल्या वर्षी मनात ठरवलेले यांच्या आधारे मत देतो. त्याच्या जागी मी असतो तरी तसेच केले असते.

धुळाक्षर

डीआरएसमध्ये रोखलेल्या धावपटूंची नोंद होते, ही दुरुस्ती स्वीकारतो. वेळापत्रकाचा मुद्दा मात्र आपण समजता तितका निर्णायक नाही. कोणताही संघ मालिकेपूर्वी प्रतिस्पर्ध्यांचे चित्रण तासन्‌तास पाहतो आणि कोणाकडे चेंडू मारायचा, कोणावर धावायचे याच्या टिपणांवरच आपली योजना आखतो. कोच सहा सामने मैदानावर पाहत असेल, पण अभ्यास सहाच सामन्यांचा नसतो.

शिवाय यशाची उदाहरणेही मोजावीत. २०१५ मध्ये टाम्पा बेच्या केव्हिन किअरमायरने सेंटर फिल्डमध्ये ४२ डीआरएस नोंदवले, तोवरचा हा विक्रम होता. त्याचे नाव तोपर्यंत फार मोठे नव्हते आणि तो काही घणाघाती फलंदाजही नव्हता. त्याला गोल्ड ग्लोव्ह मिळाला. शॉर्टस्टॉपमध्ये अँड्रेल्टन सिमन्सला २०१३ मध्ये मिळाला, तेव्हा तो मेजर लीगमध्ये नवाच होता. कोच डोळे उघडे ठेवून असतात याचे हे पुरावे आहेत.

पूर्वकिनारा (धागालेखक)

सर्वांचे आभार. मला अपेक्षा होती त्यापेक्षा चर्चा फारच सकस झाली आणि माझे मतही बरेचसे ठरले.

किअरमायर आणि सिमन्स ही दोन्ही उदाहरणे २०१३ नंतरची किंवा त्याच वर्षीची आहेत, हे धुळाक्षर यांनी नकळत दाखवून दिले. त्यामुळे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, सुधारणा झाली’ असे मी मानतो. पाल्मेरोसारखा प्रकार तर आता होऊच शकत नाही, कारण पात्रतेसाठी मैदानात किमान ठरावीक खेळ झालेला असावा लागतो. अनेक जागांवर खेळणाऱ्यांसाठी २०२२ पासून स्वतंत्र युटिलिटी पुरस्कार आहे, ज्यामुळे एका जागेवर पुरेसा खेळ न झालेले उत्तम क्षेत्ररक्षकही नजरेत येतात.

तरीही मतांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोचांकडे असल्याने जुनी खोड शिल्लक आहे. २०२२ मध्ये नॅशनल लीगमध्ये तिसऱ्या बेसवर पिट्सबर्गचा केब्रायन हेज डीआरएस आणि ओएए या दोन्हींत अरेनाडोच्या पुढे होता. पुरस्कार अरेनाडोला मिळाला, सलग दहावा. फरक मोठा नव्हता आणि अरेनाडो काही नालायक नव्हता. परंतु जेथे फरक थोडा असतो तेथे पारडे नेहमी ज्याच्या कपाटात आधीच पुरस्कार आहेत त्याच्याकडे झुकते, हीच माझी तक्रार आहे. पुढच्या वर्षी हेजला मिळाला, पण २०२२ चा पुरस्कार २०२३ मध्ये देऊन भरपाई होत नाही.

ही केवळ चाहत्यांची करमणूक असती तर मी एवढा वेळ घालवला नसता. अनेक खेळाडूंच्या करारांत गोल्ड ग्लोव्ह मिळाल्यास ठरावीक रक्कम देण्याचे कलम असते, आणि हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाच्या, मतदानात तर मतदार हे पुरस्कार विचारात घेतात. स्कॉट रोलेनला २०१८ मध्ये फक्त १०.२ टक्के मते मिळाली होती. २०२३ मध्ये ७६.३ टक्के मिळवून तो आत गेला, आणि त्याच्या बाजूने लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने त्याचे आठ गोल्ड ग्लोव्ह पुढे केले. त्याच्या बाबतीत ते योग्यच होते. पण वीस वर्षांनी जीटरचे पाच आणि एव्हरेटचे शून्य हे आकडे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला त्यांच्यामागची ही सारी कहाणी कोण सांगणार?

माझी सूचना साधी आहे. एमव्हीपी (हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कारासाठी बेसबॉल पत्रकार जी मते देतात ती नावानिशी प्रसिद्ध होतात. कोणी विचित्र मत दिले तर त्याला दुसऱ्या दिवशी वाचकांना उत्तर द्यावे लागते. गोल्ड ग्लोव्हच्या मतपत्रिका मात्र बंदच राहतात. त्याही उघड कराव्यात. कोचांचा अधिकार काढून घेण्याची गरज नाही.

धुळाक्षर

सूचना ऐकायला चांगली आहे, पण अंमलात आणायला कठीण. पत्रकाराला त्या खेळाडूसमोर उद्या हातमोजा घालून उभे राहायचे नसते. कोचाचे तसे नाही. आज जो प्रतिस्पर्धी संघात आहे तो पुढच्या वर्षी संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलीत आपल्याच संघात येऊ शकतो, आणि आपल्याला मत न देणाऱ्या कोचाच्या हाताखाली त्याला वर्षभर सराव करायचा असतो. नावे उघड झाली तर कोच अधिक प्रामाणिक होणार नाहीत. ते सर्वांत सुरक्षित नाव लिहितील, आणि सुरक्षित नाव म्हणजे पुन्हा गेल्या वर्षीचा विजेता.

आकडेमोड

या एका बाबतीत मी धुळाक्षर यांच्या बाजूने आहे. मतपत्रिका बंद राहू द्याव्यात, पण प्रत्येक जागेसाठी एकूण किती मते कोणाला पडली आणि एसडीआयमध्ये कोण कोठे होता, हे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी जाहीर करावेत. कोचांची मते आणि मोजमाप यांच्यात कोठे तफावत पडते ते त्यावरून कोणाचेही नाव न घेता कळेल, आणि ती तफावत दरवर्षी त्याच दोन-तीन जागांवर पडत असेल, तर पहिल्या बेसपासून तपासायला सुरुवात करता येईल.